जन्माची वही, मरणाची वही

धर्मग्रामाच्या कचेरीतील जुन्या कपाटात दोन प्रकारच्या नोंदवह्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एक बाप्तिस्म्याची, दुसरी दफनाची. दाखला मागायला कुणी आले की पहिली वही काढली जाते. दुसरीकडे सहसा कुणी फिरकत नाही. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाची वंशावळ जुळवून देण्यासाठी मला या दोन्ही वह्या समोरासमोर उघडून बसावे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभीची ती पाने होती. पहिल्या वहीत जे नाव सापडे, तेच थोड्याच दिवसांच्या अंतराने दुसऱ्या वहीत सापडू लागले. वयाच्या रकान्यात कुठे ‘तीन दिवस’, कुठे ‘आठ दिवस’, कुठे ‘दोन महिने’. पुढे त्याच आईबापांच्या पोटी आलेल्या मुलाला पुन्हा तेच नाव दिलेले. एका घरी तर ते नाव तिसऱ्या खेपेला टिकले. माझ्या पूर्वसुरींचे अक्षर सुरेख होते. मात्र मृत्यूच्या कारणाचा रकाना बहुधा कोराच होता.

बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळाच्या दफनाला धर्मगुरूने काळी वस्त्रे घालू नयेत, पांढरी घालावीत, असा जुना विधी होता. ते मूल थेट देवाघरी गेले, म्हणून शोक नव्हे तर स्तुती, असा त्यामागचा भाव. या विधीने कितीतरी मातांना आधार दिला असेल. परंतु त्या वह्या मिटताना एक प्रश्न मनात घर करून राहिला. ती मुले का गेली? आणि आज आपल्या धर्मग्रामात तशा नोंदी क्वचितच का करायला लागतात?

या प्रश्नाचे ठरलेले उत्तर आपल्या सर्वांच्या ओठांवर असते. ‘तेव्हा गरिबी होती, आता चार पैसे आले.’ हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे शोधायचे तर इतिहासाकडे वळले पाहिजे.

मोजणीचा आरंभ

लोकसंख्याशास्त्रात एक साधे माप आहे. जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी किती बालके पहिला वाढदिवस पाहण्याआधीच दगावतात, तो आकडा म्हणजे अर्भक मृत्युदर. एखाद्या समाजाच्या प्रकृतीची नाडी पाहावी तसा हा आकडा पाहिला जातो. कारण त्यात पाणी, अन्न, घर, आईचे शिक्षण, तिचे घरातील स्थान आणि सुईणीचे हात, हे सारे एकदम उमटते.

हे माप हाती येण्यास आपल्या वह्याच कारणीभूत झाल्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 मध्ये विवाह आणि बाप्तिस्मा यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घातला. 1614 च्या रोमन विधिग्रंथाने त्यात मृतांच्या वहीची भर घातली. त्याआधी 1538 मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक धर्मग्रामाला अशीच आज्ञा केली होती. यामागचा हेतू विवाहातील फसवणूक टाळावी, नातेसंबंध कळावे, संस्कारांचा हिशेब राहावा, इतकाच होता. तथापि एकदा वही सुरू झाली की तिच्यातून न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरे मिळू लागतात. 1662 मध्ये जॉन ग्राँट या लंडनच्या कापड व्यापाऱ्याने शहरातील मृत्युपत्रके चाळून एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. दर शंभरांतील सुमारे छत्तीस मुले सहा वर्षांची होण्यापूर्वीच मरतात, असा त्याचा अंदाज होता. जे दुःख प्रत्येक घर आपापल्या उंबरठ्याआड गिळत होते, ते सबंध नगरीचे दुःख आहे, हे त्या आकड्याने प्रथम दाखवले.

स्वीडनचे धर्मगुरू

या मोजणीचा खरा विस्तार झाला तो युरोपच्या उत्तर टोकाला, स्वीडनमध्ये. हा देश ल्यूथरपंथी. तेथील 1686 च्या धर्मकायद्याने दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. धर्मगुरूने नोंदवह्या राखाव्यात आणि लहानथोर सर्वांना, स्त्रियांनासुद्धा, वाचता यावे. धर्मगुरू घरोघर जाऊन कुटुंबाची परीक्षा घेई आणि कुणाला किती वाचता येते ते वहीत टिपून ठेवी. पुढे 1749 मध्ये राज्याने सर्व धर्मग्रामांतील जन्ममृत्यूंची कोष्टके गोळा करण्यास प्रारंभ केला. आलेली लोकसंख्या अपेक्षेपेक्षा इतकी कमी भरली की राज्यकर्त्यांनी तो आकडा काही काळ गुप्त ठेवला. त्याच कोष्टकांतून दिसले की हजारी सुमारे दोनशे अर्भके वर्षाच्या आत मरत होती.

मग काय झाले? स्वीडन तेव्हा श्रीमंत नव्हता. 1867 ते 1869 या काळात तेथे दुष्काळ पडला आणि पोटासाठी लक्षावधी लोक अमेरिकेला गेले. कारखानदारी वाढली ती 1870 नंतर. परंतु अर्भक मृत्युदराची उतरण त्याआधीच सुरू झाली होती. 1850 च्या सुमारास तो हजारी 150 च्या आसपास आला होता आणि 1900 च्या सुमारास शंभरावर. म्हणजे संपत्तीची गाडी हलण्यापूर्वीच पाळण्यातली मुले जगू लागली होती.

याचे कारण एखादे नव्हे, अनेक. 1801 मध्ये तेथे देवीची लस आली, 1816 मध्ये ती सक्तीची झाली. ती टोचण्याचे काम कितीतरी गावांत चर्चच्या सेवकांनी केले. प्रशिक्षित सुईणी गावोगाव नेमल्या गेल्या. 1829 मध्ये त्यांना अडलेल्या प्रसूतीत चिमट्यासारखी उपकरणे वापरण्याचीही कायद्याने मुभा मिळाली. निल्स रोझेन या वैद्याने बालरोगांवरील सूचना आधी पंचांगांतून छापल्या. 1764 मध्ये त्यांचे पुस्तक झाले. वाचता येणाऱ्या घरी पंचांग असतेच, म्हणून ती विद्या चुलीपर्यंत पोहोचली. विद्यापीठात विद्या असणे निराळे आणि ती आईच्या हाती असणे निराळे. देशाची लोकसंख्या वाढते आहे ती शांतता, लस आणि बटाटे या तिहींमुळे, असे बिशप आणि कवी एसाइअस तेग्नेर यांनी म्हटले होते. त्यांच्या यादीत सुईण आणि पंचांग राहून गेले, एवढेच.

याच देशातील एका धर्मग्रामाची कथा मला विशेष बोलकी वाटते. फिनलंडच्या सीमेवर, टोर्ने नदीकाठी, नेदरटोर्नेओ नावाचा धर्मग्राम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे हजारी जवळजवळ चारशे अर्भके मरत. आसपासच्या गावांपेक्षा हा भाग काही अधिक दरिद्री नव्हता. गुरेढोरे होती, गवताची कुरणे होती. तरीही मुले जगत नव्हती, कारण तेथे तान्ह्याला अंगावर पाजण्याची रीतच नव्हती. बाई शेतावर जाई आणि मुलाच्या तोंडाशी गाईच्या शिंगातून आंबूस दूध लावलेले असे. ते शिंग नीट धुतले जात नसे. उन्हाळा आला की अतिसाराने पाळणे रिकामे होत. 1830 च्या दशकात रेटहोल्म नावाचे सरकारी डॉक्टर तेथे आले. त्यांनी सुईणी आणि धर्मगुरू यांना हाताशी धरले, घरोघरी मातांना स्तनपानाचे महत्त्व पटवले, आणि मृत्यूचा आकडा झपाट्याने उतरला. गावात ना नवी खाण निघाली होती, ना नवा कारखाना. बदलली होती ती केवळ रीत, आणि ती बदलली सुईणीच्या व धर्मगुरूच्या शब्दाने.

हा दोष केवळ उत्तरेकडील प्रॉटेस्टंट मंडळींचा, असे आपण समजू नये. कॅथॉलिक बव्हेरियातही अंगावर न पाजण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती आणि 1860 च्या दशकात तेथील अर्भक मृत्युदर हजारी तीनशेच्या घरात होता. तेथील चर्च सुंदर होती, घंटा वेळेवर वाजत होत्या.

श्रीमंतांच्या घरची पानगळ

पैसा हेच उत्तर असते, तर 1900 मध्ये पृथ्वीतलावर सर्वांत सुरक्षित बाळ इंग्लंडात जन्मले असते. त्या देशाच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता. पण त्या वर्षी तेथे हजारी सुमारे 154 अर्भके मेली, तर तुलनेने गरीब असलेल्या स्वीडनमध्ये सुमारे शंभर आणि नॉर्वेत सुमारे नव्वद. गिरणीगावांतील दाटीवाटीची घरे, उघडी गटारे, माशा बसलेले दूध आणि दिवसभर कामावर असलेल्या माता, अशा परिस्थितीत साम्राज्याची संपत्ती पाळण्यापर्यंत पोहोचतच नव्हती.

बोअर युद्धात सैन्यभरतीला आलेले तरुण मोठ्या संख्येने अपात्र ठरले, तेव्हा राज्यकर्ते खडबडून जागे झाले. 1902 मध्ये सुईणींच्या प्रशिक्षणाचा कायदा झाला. 1906 मध्ये डॉ. जॉर्ज न्यूमन यांनी अर्भकांचे मृत्यू हा सामाजिक प्रश्न आहे, असे पुस्तकाच्या शीर्षकातच म्हटले. 1907 च्या कायद्याने जन्माची वर्दी तत्काळ देण्याची सोय झाली. त्यामुळे आरोग्यसेविका बाळंतिणीच्या दारात वेळेवर पोहोचू लागली. महायुद्धापूर्वीच्या त्या वर्षांत मजुरांचे खरे वेतन फारसे वाढले नव्हते. तरीही 1920 पर्यंत हा दर हजारी ऐंशीवर आला. संपत्तीने सांडपाण्याचे नळ घातले, दवाखाने बांधले, हे खरेच; पण ती कुठे खर्चायची हे आधी कुणीतरी ठरवावे लागले.

आपल्याच घरचा एक बंद दरवाजा

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे वळू. सुईणीचे मोल ख्रिस्तसभेला ठाऊक नव्हते असे नाही. मरणोन्मुख बालकाला कुणीही, अगदी सुईणीनेही, बाप्तिस्मा द्यावा, ही आपली प्राचीन शिकवण. 1917 च्या धर्मनियमसंहितेने तर सुईणींना बाप्तिस्म्याची योग्य रीत येते की नाही हे पाहण्याची जबाबदारी धर्मगुरूंवर टाकली होती. म्हणजे त्या बाईच्या ओंजळीतील पाणी शुद्ध हेतूने ओतले जावे, याची काळजी आम्ही घेत होतो. तेच हात साबणाने धुतलेले आहेत का, नाळ कापण्याची पात उकळलेली आहे का, हे मात्र आम्ही विचारले नाही.

याहूनही एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. धर्मभगिनींनी प्रसूतीच्या कामात भाग घेऊ नये, असा निर्बंध दीर्घकाळ होता. त्यांच्या व्रताला ते काम शोभत नाही, अशी समजूत त्यामागे होती. त्याचे परिणाम सर्वांत जास्त भोगले ते आपल्या उपखंडातील स्त्रियांनी. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवत नसत. स्त्री डॉक्टर नसे. आणि बाई व मूल दोन्ही जात. स्कॉटलंडच्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लारेन या 1837 मध्ये जन्मलेल्या बाईंनी उतारवयात कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली. रावळपिंडी येथे स्त्रिया व बालके यांच्यासाठी रुग्णालय उभे राहावे म्हणून त्या झटल्या आणि हा निर्बंध उठावा म्हणून त्यांनी वारंवार रोमचे दार ठोठावले. 1913 मध्ये त्या वारल्या, तेव्हा ते दार बंदच होते.

ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागातील अ‍ॅना डेंगेल या तरुणीशी त्यांचा पत्रव्यवहार होता. प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. अ‍ॅना आयर्लंडमध्ये वैद्यकी शिकल्या आणि 1920 मध्ये रावळपिंडीच्या त्याच रुग्णालयात रुजू झाल्या. डोळ्यांदेखत बाळंतिणी दगावताना पाहून त्यांनी ठरवले की एकट्या डॉक्टरने हे काम होणारे नाही. 1925 मध्ये वॉशिंग्टन येथे त्यांनी वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापला. परंतु निर्बंध कायम असल्यामुळे त्या भगिनींना जाहीर व्रते घेता येत नव्हती. अखेर 11 फेब्रुवारी 1936 रोजी, लूर्द मातेच्या सणादिवशी, रोममधील धर्मप्रसार मंडळाने धर्मभगिनींना वैद्यकी आणि प्रसूतिसेवा शिकण्याची व करण्याची केवळ परवानगीच दिली नाही, तर त्यासाठी उत्तेजन दिले. आज आपल्या गावोगावच्या मिशन रुग्णालयांत पांढऱ्या झग्यातील भगिनी प्रसूतिकक्षात सहजपणे वावरताना दिसतात. या सहजतेला शंभर वर्षेही झालेली नाहीत, हे आपण विसरतो.

आईच्या हातातील पाटी

स्वातंत्र्योत्तर भारतात हाच धडा केरळने गिरवला. 1971 मध्ये भारताचा अर्भक मृत्युदर 129 होता, केरळचा 58. आणि केरळचे दरडोई उत्पन्न तेव्हा देशाच्या सरासरीहूनही कमी होते. त्रावणकोर संस्थानाने 1817 मध्येच शिक्षण ही राज्याची जबाबदारी असल्याचे जाहीर केले होते. 1864 मध्ये धर्मगुरू कुरियाकोस एलियास चावरा यांनी प्रत्येक चर्चपाशी शाळा असावी, अशी आज्ञा काढली. 2014 मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. डॉ. मेरी पुन्नन लुकोस या ख्रिस्ती बाईंनी त्रावणकोरचे आरोग्यखाते सांभाळले. मुली शिकल्या, त्याच परिचारिका झाल्या, त्याच माता झाल्या.

ऑस्ट्रेलियाचे अभ्यासक जॉन कॉल्डवेल यांनी 1979 मध्ये नायजेरियाच्या अभ्यासातून दाखवले की घरची मिळकत आणि दवाखान्याचे अंतर सारखेच असले, तरी शिकलेल्या आईची मुले अधिक जगतात. शिकलेली आई सासूच्या शब्दाबाहेर जाऊन मुलाला दवाखान्यात नेते. डॉक्टरला उलट प्रश्न विचारते. तिच्या हातात पाटी आली, की तिला घरात मतही येते.

आणि मुले जगू लागली की अर्थव्यवस्थाही बदलते. आपल्या आज्यांनी आठ-आठ, दहा-दहा बाळंतपणे सोसली ती हौसेने नव्हे. किती राहतील याचा भरवसा नव्हता म्हणून. भरवसा आला तशी बाळंतपणे कमी झाली, आईच्या आयुष्यातील वर्षे मोकळी झाली, असलेल्या मुलांना शाळेत घालणे परवडू लागले. विकासामुळे मूल जगते हे जितके खरे, तितकेच मूल जगल्यामुळे विकास होतो हेही खरे आहे.

गडचिरोलीची साक्ष

कुणी म्हणेल, ही दूरदेशीची उदाहरणे झाली. तर आपल्या महाराष्ट्राचेच पाहू. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून काम आरंभले. त्यांनीही सुरुवात केली ती मोजणीने. गावातील प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदायचा. 1993 ते 1995 या काळात त्यांच्या 39 गावांत हजारी सुमारे 62 बालके जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच जात होती. त्यांनी गावातीलच जेमतेम शिकलेल्या बायका निवडल्या, त्यांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळंतपणाला हजर राहणे, बाळाला ऊब देणे, लगेच अंगावर पाजायला लावणे, वजन करणे, न रडणाऱ्या बाळाला पिशवी-नळीने श्वास देणे आणि जंतुदोष झाल्यास सुई टोचणे, एवढी विद्या त्यांच्या हाती दिली. तीन वर्षांत पहिल्या महिन्यातील मृत्यूंचा आकडा हजारी पंचविसाच्या आसपास आला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 1999 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि 2011 पासून केंद्र सरकारने ‘आशा’ सेविकांमार्फत घरोघरी नवजात बालकांच्या देखभालीची योजना देशभर सुरू केली. गडचिरोली त्या तीन वर्षांत श्रीमंत झाला नव्हता. झोपडी तीच होती. फक्त झोपडीत येणारी बाई शिकून आली होती.

आपल्याकडे पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, अशी लोकसमजूत आहे. नेमक्या त्याच सुमारास, पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, घाणेरड्या पात्याने कापलेल्या नाळेतून शिरलेला धनुर्वात बाळाला गाठत असे. लोकांनी ती भीती ओळखली होती, कारण ओळखले नव्हते. कारण कळले, गरोदर मातेला लस मिळाली, स्वच्छ पात आली, आणि 2015 मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. सटवाईचे लिखाण पुसता येते, ते असे.

2020 च्या सरकारी पाहणीनुसार देशाचा अर्भक मृत्युदर 28 होता, महाराष्ट्राचा 16, केरळचा 6. सरासरीच्या या आकड्याआड मात्र पुष्कळ काही लपते. आपली वसई आणि जव्हार-मोखाडा हे 2014 पासून एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे 1992-93 मध्ये कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला होता. आपल्या दफनभूमीतील छोट्या थडग्यांची रांग थांबली, म्हणून ती रांग सर्वत्र थांबली असे नाही. काही तासांच्या वाटेवर अजूनही एखादी आई बाळाला कवटाळून गाडीची वाट पाहत बसलेली असते.

त्या जुन्या वह्या मी पुन्हा कपाटात ठेवल्या आहेत. माझ्या पूर्वसुरींनी त्यांच्या काळी जे शक्य होते ते केले. सांत्वन दिले आणि नाव लिहून ठेवले. नाव लिहून ठेवणे हीसुद्धा छोटी गोष्ट नव्हे, कारण ज्याची नोंद होत नाही त्याच्यासाठी कुणी काही करत नाही. पण कोरा राहिलेला तो कारणाचा रकाना मला स्वस्थ बसू देत नाही. ‘देवाची इच्छा’ हे शब्द आपण त्या रकान्यात फार लवकर लिहून टाकले. नेदरटोर्नेओच्या धर्मगुरूंनी ते लिहिले नाहीत. ते डॉक्टरांबरोबर घरोघर गेले. ज्या दिवशी त्या दुसऱ्या वहीत तान्ह्याचे नाव लिहिण्याची पाळी येईल, त्या दिवशी तो रकाना तरी आपण कोरा ठेवू नये. कारण लिहिले, की पुढच्या बाळासाठी काय करायचे हे कळते.